तिसऱ्या खेळाची सही

ग्लेंडा स्टब्जची सही मिळवणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं. सख्ख्या बहिणीच्या मुलाला तिने दोन खेळांवर सही दिली नव्हती, आणि त्या रागाने बहिणीने दोन नाताळ तिच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. “नाही तर नाही,” ग्लेंडा म्हणायची, “टर्की लहान आणली तरी पुरली.”

रॅडनबी गावाबाहेरच्या रानात ती आणि तिचा नवरा रॉय दर रविवारी नकली बंदुकांचा खेळ भरवत. बंदुका प्लास्टिकचे, वाटाण्यापेक्षा थोडे लहान छर्रे मारणाऱ्या. पण दिसायला थेट पलटणीतल्या, आणि सगळी मेख तिथेच होती. तसली काळी, खऱ्यासारखी बंदूक दुकानात जाऊन कुणालाही मिळत नाही. आपण खेळाडू आहोत हे दाखवावं लागतं. बाकीच्यांनी भडक निळी नाहीतर नारिंगी घ्यावी, मैलावरून खेळणं वाटेल अशी. खेळाडू असल्याचा पुरावा म्हणजे एक कागद. एकाच मैदानावर तीन खेळ, पहिल्या आणि शेवटच्या खेळात किमान छप्पन दिवस, आणि खाली मैदानवाल्याची सही. लोकांना वाटे, हा नुसता कागदी घोडा. ग्लेंडाला तसं वाटत नसे. छप्पन दिवसांत माणूस कळतो, असं तिचं ठाम मत होतं, आणि बावीस वर्षांत ते एकदाही खोटं ठरलं नव्हतं.

ऑक्टोबरच्या तेराव्या तारखेला नॉर्मन ऑटवेलचा तिसरा खेळ होता.

साठी ओलांडलेला, सडपातळ माणूस. एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला. रानात चिखल तुडवायला येताना पँटला इस्त्रीची धार असलेला हा एवढा एकच. पहिल्यांदा आला ऑगस्टच्या अठराव्या तारखेला, मग सप्टेंबरच्या पंधराव्या, आणि आज. ग्लेंडाने वहीत बोट ठेवून दिवस मोजले. बरोबर छप्पन भरले. एक कमी नाही, एक जास्त नाही. लोक साधारण अधूनमधून येतात, पाऊस आला की दांडी मारतात, मग धावतपळत दिवस भरतात. ऑटवेलने कॅलेंडर पुढ्यात घेऊन तारखा ठरवल्यासारख्या दिसत होत्या. ग्लेंडाला ते आवडलंच होतं. अशी माणसं राहिली आहेत कुठे, ती रॉयला म्हणाली होती.

“सुप्रभात, स्टब्जबाई.” त्याने आल्याच्या बिस्किटांचा पुडा टेबलावर ठेवला. प्रत्येक वेळी आणायचा. “आज तिसरा.”

“माहितीये मला. ही वही काय मांडीवर पापड लाटायला घेतलीये?” ग्लेंडाने फॉर्म पुढे सरकवला. “भरा. आणि सही दिवस संपल्यावर. आधी मागायची नाही.”

“आधी मागणार नाही.”

त्याने फॉर्म भरला. ‘अडचण आल्यास कुणाला कळवायचं’ या रकान्यापाशी त्याने खिशातून छोटी पट्टी काढली आणि सरळ आडवी रेघ मारली. मागच्या दोन्ही फॉर्मवरही तशीच रेघ होती. तेव्हा ग्लेंडाला हसू आलं होतं. आज मात्र तिने विचारलं, “कुणीच नाही का हो?”

“बायको होती तेव्हा तिचं नाव लिहायचो,” तो म्हणाला. “आता रकाना रिकामा सोडण्यापेक्षा रेघ बरी. कुणाला वाटायला नको की भरायचं राहून गेलं.”

एवढं बोलून तो भाड्याची बंदूक घ्यायला गेला. ग्लेंडाच्या मनात पाल चुकचुकली, पण रांगेत अजून चौदा जण होते.

ऑटवेल रानात सगळ्यांचा लाडका होता, आणि त्याचं कारण खेळ माहीत असल्याशिवाय कळायचं नाही. छर्रा लागला तर रंग उमटत नाही, खूण राहत नाही. ज्याला लागला त्यानेच हात वर करून ‘हिट’ म्हणायचं आणि मेलो असं कबूल करायचं. बघायला पंच नाही. सगळा खेळ माणसाच्या इमानावर. जो लागूनही कबूल करत नाही त्याला रानात ‘अमर’ म्हणतात, आणि याहून घाण शिवी तिथे नाही. ऑटवेल प्रत्येक वेळी कबूल करायचा. लगेच करायचा. खेळ सुरू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोच हात वर, ‘हिट’, आणि शांतपणे चालत मागे. अमर सोडाच, त्याच्याइतका मरणारा कुणी पाहिला नव्हता. “असा एक जरी प्रत्येक संघात असता ना,” रॉय म्हणायचा, “तर मला शिट्टी फुंकावी लागली नसती.”

मेलेल्याला उठवायचीही रीत होती. संघातल्या कुणी येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि मोठ्याने तीसपर्यंत मोजायचं. हात खांद्यावर आहे तोवर मेलेल्याने जागचं हलायचं नाही, हा नियम. तीस झाले की तो जिवंत. ऑटवेल त्यासाठी कधी थांबला नाही. कुणी “थांबा काका, येतोय मी” म्हणत धावत आलंच, तर तो म्हणायचा, “नको, तू खेळ,” आणि चालू लागायचा. त्यातही सगळ्यांना त्याचा मोठेपणाच दिसला.

ग्लेंडालाही तेच दिसलं होतं. खोटं कशाला बोला.

एक गोष्ट मात्र फक्त तिलाच माहीत होती. भाड्याच्या बंदुका संध्याकाळी तिच्याकडे परत येत, आणि छर्रे भरायचं मॅगझिन हातात घेतलं की किती छर्रे उरले ते तिला वजनावरून कळे. ऑटवेलचं मॅगझिन पहिल्या दिवशी भरलेलं परत आलं. नवखा आहे, बुजला असेल, तिने मनाशी म्हटलं. दुसऱ्या वेळीही भरलेलंच आलं. तेव्हा तिने त्याला छेडलं होतं, “साहेब, छर्रे फुकट आहेत हो. उडवले तरी चालतात.”

तो हसला होता. मग त्याने बंदूक टेबलावर ठेवता ठेवता विचारलं होतं, “किती अंतरावरून ही खरी वाटते?”

आणि ग्लेंडा फुशारकीने म्हणाली होती, “अंतराचं काय घेऊन बसलात! दहा पावलांवर उभं राहून पोलिसालाही कळायचं नाही.”

“हो,” तो म्हणाला होता. “मलाही तसंच वाटलं.”

झोपडीच्या दारामागे रॉयने वर्तमानपत्राचं एक कात्रण लावलेलं होतं, नव्या पोरांना धाक म्हणून. लांबच्या कुठल्या गावात एक माणूस बसस्टँडवर काळी नकली बंदूक घेऊन उभा राहिला होता. पोलिसांनी खाली ठेव म्हटलं, त्याने ठेवली नाही. त्यांना खरं-खोटं कळायला मार्ग नव्हता. खाली रॉयने जाड पेनने लिहिलं होतं, ‘मैदानाबाहेर बॅगेतून काढायची नाही. कधीच नाही.’ पोरं तिकडे ढुंकूनही बघत नसत. ऑटवेल पहिल्याच दिवशी त्यापुढे उभं राहून सगळं वाचत होता. ग्लेंडाला वाटलं होतं, बघा, नियम वाचणारा माणूस.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. बेकनचे पाव आणि चहा घेऊन पोरं झोपडीपुढच्या बाकांवर बसली. ऑटवेल नेहमीप्रमाणे आपल्या गाडीत बसून डब्यातलं सँडविच खात होता. त्याची तारीफ चालली होती, तेवढ्यात लीअम नावाचा गवंडी तोंडातला घास सावरत म्हणाला, “तारीफ पुरे झाली. म्हातारा आज मला बघून मेला, आणि माझ्या बंदुकीची बॅटरीच संपलेली होती.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे! मी चाप ओढतोय, बंदूक मख्ख. आणि हा समोर उभा राहून म्हणतो हिट. मला वाटलं मागून कुणी मारला.”

“मागे मीच होते,” प्रिसिला म्हणाली. ही रॅडनबीच्या दवाखान्यात नर्स होती आणि तिचा नेम रानात सगळ्यांत चांगला. “मी नाही मारलं. माझ्याकडे तर तो तोंड करून उभा राहिला होता मागच्या महिन्यात. उघड्यावर, बंदूक रोखून. मी झाडामागे बुटाची नाडी बांधत होते रे. वर बघते तर याचा हात वर.”

“तुझी नाडी बघूनच मेला असेल,” कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

“मीसुद्धा एकदा...” तिसऱ्याने सुरुवात केली, आणि अर्ध्यावर थांबला. हसणं हळूहळू विरलं. बाकावरचे सात-आठ जण आठवू लागले. या माणसाला नक्की कुणी मारलं होतं? कुणालाच आठवेना.

ग्लेंडाच्या हातात चहाची किटली होती. ती तिने खाली ठेवली.

शेवटच्या खेळाला ती स्वतः रानात गेली. एरवी टेबल सोडत नसे. पिवळं जाकीट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून, ओढ्याजवळच्या ओकच्या झाडाखाली उभी राहिली. पानगळ सुरू झाली होती आणि लांबवर पोरांचा आरडाओरडा ऐकू येत होता. ऑटवेल पायवाटेने एकटाच आला. झाडांचा आडोसा सोडून तो मोकळ्या जागेत उतरला आणि मधोमध थांबला. पाय नीट जोडून त्याने बंदूक खांद्याला लावली आणि समोर रोखली. समोर कुणीही नव्हतं. नुसतं नेचं माजलेलं होतं. तो वाट बघत उभा राहिला. त्याचा चेहरा जाळीच्या मुखवट्याआड होता, पण खांदे दिसत होते, आणि ते बसची वाट बघणाऱ्या माणसासारखे सैल होते. चापावर बोट नव्हतंच.

मग कुणी छर्रा न मारताच तो हलक्या आवाजात म्हणाला, “हिट.” हात वर केला आणि चालू लागला.

हा खेळायला येतच नव्हता. हा तालीम करत होता. छप्पन दिवस तिच्या रानात, तिच्या डोळ्यांदेखत, तिच्याच चहाचे कप पीत हा माणूस एका क्षणाची तालीम करत होता, आणि आपण सगळे त्याच्या इमानाचे गोडवे गात होतो. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

साडेतीनला रॉयने शेवटची शिट्टी वाजवली. ऑटवेलने बंदूक परत दिली. ग्लेंडाने मॅगझिन तळहातावर घेतलं. भरलेलं.

“आता मागू शकतो ना?” त्याने घडी न मोडलेला कागद पुढे ठेवला. दोन खेळांपुढे तारखा होत्या. तिसरी जागा आणि सहीची जागा कोरी.

“नाही देणार,” ग्लेंडा म्हणाली.

रॉय मागे बंदुका पुसत होता. तो वळला. “अगं, काय बोलतेस? छप्पन भरले की. मी मोजलेत.”

“दिवस भरलेत. खेळ नाही भरले. हा माणूस खेळलेलाच नाही.”

“तीनदा आलाय तो!”

“आलाय. देवळातल्या खांबासारखा आलाय. एक छर्रा उडवलेला नाही, बघ हे.” तिने मॅगझिन नवऱ्यापुढे आदळलं. “कागदावर काय लिहिलंय? हजर होता असं लिहिलंय का? ‘खेळला’ असं लिहिलंय. मी खोट्यावर सही करत नाही. बहिणीच्या पोराला केली नाही.”

“ग्लेंडा, लोकांपुढे तमाशा नको. तो माणूस गेले दोन महिने...”

“राहू दे, स्टब्जसाहेब,” ऑटवेल म्हणाला. “त्यांचं बरोबर आहे.”

तो चिडला असता तर बरं झालं असतं. भांडला असता, वकिलाची धमकी दिली असती, तर ग्लेंडाने दोन हात केले असते. तो चिडला नाही. त्याने कागद खिशात ठेवला, टोपी घातली, तिच्याकडे बघून मान लववली. “निळी चालवून घेईन मग,” असं काहीतरी पुटपुटला आणि गाड्यांकडे निघाला.

निळी कुणालाही मिळते. अठरा पूर्ण असले की झालं, कागद नको, सही नको. मग तिला ‘चालवून घेईन’ कळलं, आणि ती त्या वयात आणि त्या गुडघ्यांनी धावली.

“रॉय! फोन घे! प्रिसिलाला बोलाव!”

त्याच्या गाडीची डिकी उघडी होती. आत सगळं नीट लावलेलं. घोंगडी, छत्री, हवेचा पंप. त्यांच्या शेजारी एक खोकं होतं, पारदर्शक झाकणाचं, आणि आत निळीशार बंदूक, मोरालाही लाजवेल इतकी भडक. खोक्याची चिकटपट्टीही काढलेली नव्हती. बाजूला काळ्या रंगाचा फवाऱ्याचा डबा. तोही न उघडलेला.

“कधी आणलंत हे?”

“जुलैमध्ये.” त्याने लपवायचा प्रयत्न केला नाही. “मग घरी येऊन वाचलं की असं रंगवणं गुन्हा आहे. एकतीस वर्षं बस चालवली, स्टब्जबाई. लायसनवर एक डाग नाही. म्हटलं, करायचं तर रीतसर करावं. सगळे कागद नीट असले म्हणजे नंतर कुणाला त्रास नको.”

‘नंतर’ हा शब्द त्याने अगदी सहज उच्चारला.

“आणि ज्याला गोळी घालावी लागेल त्याला? तो कोण पोरगा असेल पोलिसातला, त्याला त्रास नाही?”

ऑटवेलने नजर डिकीकडे वळवली. त्याचा हात रंगाच्या डब्यावर होता.

“चला, मी निघतो,” तो शेवटी म्हणाला. “उजेड आहे तोवर.”

ग्लेंडाला काही सुचेना. माणसाला काय सांगतात अशा वेळी? ती सहीवाली बाई होती, हो आणि नाही एवढंच तिला येत होतं, आणि नाही तर ती म्हणून बसली होती. तिने पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. कोटाखाली हाडं लागली.

“एक,” ती मोठ्याने म्हणाली.

त्याने चमकून तिच्याकडे बघितलं. “खेळ संपलाय, बाई.”

“दोन. शिट्टी माझ्या गळ्यात आहे. संपला की नाही ते मी ठरवते. तीन. हलायचं नाही. नियम माहितीये ना तुम्हाला?”

“माहितीये.”

“चार. मग नीट उभे राहा.”

आणि तो उभा राहिला. गाडीची किल्ली हातात, डिकी उघडी, आणि नॉर्मन ऑटवेल पाय जोडून उभा. उभ्या जन्मात त्याने एक नियम मोडला नव्हता, हे ग्लेंडाला माहीत होतं. तिच्या हातात तेवढंच होतं. गाड्यांच्या रांगेतून पोरं एकेक करून थांबली. कुणी हसलं नाही. झोपडीच्या दारात रॉय फोन कानाला लावून जागेचा पत्ता सांगत होता, आणि प्रिसिला चिखलातून धावत येत होती.

“सत्तावीस. अठ्ठावीस. एकोणतीस.” ग्लेंडाचा आवाज फाटला. “तीस.”

त्याच्या खांद्यातला ताण सुटायला लागला, जायला मोकळा झाल्यासारखा.

“एकतीस,” ग्लेंडा म्हणाली.

“तीसच असतात, स्टब्जबाई.”

“माहितीये मला. वही माझी आहे. बत्तीस.” तिने दुसराही हात त्याच्या दुसऱ्या खांद्यावर ठेवला. “हात आहे तोवर हलायचं नाही. तेहतीस.”

तो हलला नाही. रडू आवरत ग्लेंडा मोजत राहिली, आणि थांबल्यावर काय करायचं ते तिला माहीत नव्हतं, म्हणून ती थांबली नाही.